स्पितीला जाणाऱ्या गाडीची तलासरीत परीक्षा

चारोटीच्या नाक्यावर माझं गॅरेज आहे आणि त्या गॅरेजात नाटक चालतं. हे मी आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला माझ्या पाठीमागे सांगायची तसदी नको.

नाटक असं. लांबच्या प्रवासाला निघालेला माणूस गाडी तपासून घ्यायला येतो. मी बॉनेट उघडत नाही. चपला काढतो, बॉनेटवर उजवा हात ठेवतो आणि डोळे मिटतो. हायवेवर ट्रक धडधडत असतात, समोरच्या हॉटेलात वडे तळत असतात, पण माझ्या अंगणात एकदम शांतता पसरते. एकदा तर एका अख्ख्या वऱ्हाडाने हात जोडले होते. माझे डोळे मात्र पुरते मिटलेले नसतात. गाडीखाली कुठे तेल ठिबकतंय, पुढचं चाक आतल्या बाजूने झिजलंय का, आणि मालकाची बायको मालकाकडे कसल्या नजरेने बघतेय, हे सगळं मी तेवढ्या वेळात पाहून घेतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ब्रेकचा आवाज मालक लपवतो, त्याची बायको लपवत नाही.

मग खरं काम सुरू होतं. त्याला कधी तास लागतो, कधी दोन दिवस. शेवटी पिवळ्या खडूने मी मागच्या काचेवर शेरा लिहितो. शेरे तीनच. ‘जा’, ‘जा, पण’ आणि ‘नको’. बहुतेकांच्या वाट्याला ‘जा, पण’ येतो. जा, पण पट्टा बदलून. जा, पण घाट तिसऱ्या गिअरमध्येच उतरा. एका जावईबापूंना मी लिहून दिलं होतं, जा, पण सासऱ्यांना पुढच्या सीटवर बसवू नका, ते हँडब्रेक ओढतात. नुसता ‘जा’ आजवर बोटांवर मोजण्याइतक्यांनाच मिळालाय. त्यामुळे डहाणूपासून तलासरीपर्यंत माझ्या खडूला वजन आहे, आणि त्या वजनापायीच पुढचा सगळा प्रकार घडला.

माझी धाकटी बहीण तलासरी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत पंचवीस वर्षं विज्ञान शिकवत होती. गेल्या वर्षी तिने स्वेच्छानिवृत्ती घेतली, रानशेतच्या घरी दोन महिने शांत बसली, आणि तिसऱ्या महिन्यात चौकोनी तोंडाची, शेवाळी रंगाची, चारही चाकांना जोर असलेली नवी कोरी गाडी घेऊन नाक्यावर हजर झाली. माझ्या दारात ती अशी आडवी लावली की आतली रिक्षा बाहेर निघेना.

“दादा, शेरा लिही.”

“कुठे निघालीस बाय?”

“स्पितीला.”

“ते कुठे आलं? वापीच्या पुढे?”

“वापीच्या पुढेच. फक्त जरा जास्त पुढे.”

स्पिती हिमालयात आहे हे मलाही ठाऊक होतं. तिथल्या खडकांत शंख-शिंपल्यांचे ठसे सापडतात. आज जिथे बर्फ आहे तिथे कधीकाळी समुद्र होता. हे मला ठाऊक असण्याचं कारण एकच, बहिणीने पंचवीस वर्षं ते वर्गात शिकवलं आणि वर्गात पुरलं नाही म्हणून घरीही शिकवलं. “दरवर्षी फळ्यावर चित्र काढायचे,” ती म्हणाली. “पोरं विचारायची, बाई तुम्ही बघितलंय? मी म्हणायचे, नाही, पुस्तकात आहे. आता मला पुस्तकात आहे म्हणायचं नाही.”

तिच्याबरोबर जाणार होती तिची डहाणूची मैत्रीण, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. दोघींची वयं मिळून शंभरीच्या पुढे. बाकी कुणी नाही, ड्रायव्हर नाही. नर्सबाईंच्या मुलाने आईला स्पष्ट सांगितलं होतं, “चारोटीचे काका ‘जा’ म्हणाले तरच. ‘जा, पण’सुद्धा चालणार नाही.” आणि मैत्रीण नाही तर बहिणीचंही जाणं नाही, कारण एकटी जाणार नाही असं तिने माझ्या बायकोला वचन दिलं होतं. म्हणजे हिमालयातला तो आटलेला समुद्र माझ्या खडूच्या टोकावर येऊन बसला होता.

मी चपला काढल्या. बॉनेटवर हात ठेवला.

“ते नाटक माझ्यापुढे नको,” बहीण म्हणाली. “खाली बघायचं असेल तर सरळ वाकून बघ.”

वाकून बघितलं. चांगली होती, खोटं कशाला बोलू? दोर बांधायचे हूक पुढे-मागे थेट चासीला बसवलेले. पाचवं चाक बाकीच्या चारांच्याच मापाचं, दिखाऊ बारकं नाही. हवा ओढणारं तोंड वर, पाण्यापासून लांब. पण बॉनेट उघडलं आणि मला गुदमरल्यासारखं झालं. सगळं काळ्या प्लास्टिकने झाकलेलं. माझ्या जुन्या जीपमध्ये हात घातला की कोपरापर्यंत आत जायचा. इथे हातोडी मारायची म्हटली तरी मारायला जागा नव्हती.

“हिच्यात बिघडलं तर काय करशील?”

“आधी वाचेन,” असं म्हणून तिने गाडीसोबत आलेलं जाड पुस्तक पुढे धरलं. पानोपानी पेन्सिलीच्या खुणा होत्या, समासात बारीक अक्षरात टिपणं. मी आयुष्यात एकाही गाडीचं ते पुस्तक उघडलेलं नाही. आमच्या गॅरेजात त्याच्यावर चहाचे ग्लास ठेवतात.

मी जाहीर केलं, परीक्षा दोन दिवसांची, तलासरीच्या डोंगरात, आणि गाडी मी चालवणार.

माझी जागा ठरलेली आहे. तलासरीच्या पूर्वेला डोंगराच्या अंगाला एक पाडा आहे, तिथे माझा जुना सोबती राहतो. तरुणपणी मी या भागात प्रवासी जीप चालवायचो तेव्हा तो मागे लटकून भाडं घ्यायचा आणि जीप रुतली की पहिली उडी मारायचा. आता वडिलांच्या जमिनीत भात आणि नाचणी करतो. त्याच्या पाड्याला जायला डांबर सोडून नदीचा उतार ओलांडावा लागतो, पुढे दगडांचा चढ. पाड्यामागची डोंगराची सोंड तर गाडीचं खानदान काढणारी. ज्या गाडीला ती वाट जमली, तिला मी कुठेही पाठवतो.

एप्रिलच्या एका सकाळी चिखल्याच्या आमच्या वाडीतून पिकलेल्या चिकूंचे सहा क्रेट मागे भरले आणि निघालो. चिकू कशाला, असं लोक विचारतात. स्प्रिंगा आणि शॉकॲब्सॉर्बर किती चांगले, हे मला कंपनीच्या माणसापेक्षा पिकलेला चिकू खरं सांगतो. पाड्यावर पोचलं की फुटलेले मोजायचे. फुटलेले पोरांचे, असा नियम असल्यामुळे पाड्यातली पोरं गाडी दिसली की ती टणक निघावी म्हणून देवाला साकडं घालतात.

नदीत चाकं आसापर्यंत बुडाली. मुद्दाम मधोमध दहा मिनिटं उभी केली. बाहेर काढून ब्रेक दाबले, जागच्या जागी थांबली. दगडांच्या चढाला तिने हूं की चूं केलं नाही. बहीण शेजारी पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती आणि मी गिअर बदलला की पेन्सिलीने काहीतरी लिहीत होती. तपासनीस बसमध्ये चढल्यावर कंडक्टरची जी गत होते, ती माझी झाली.

पाड्यावर क्रेट उतरवले. फुटलेले निघाले चार. सहा क्रेटांत चार! पोरांची तोंडं उतरली. शेवटी बहिणीने अख्खा एक क्रेट त्यांना वाटला तेव्हा कुठे गाडीला माफी मिळाली.

सोबती गाडीभोवती एक फेरी मारून आला. “शेट, पोरांच्या पोटावर मारलं हिने,” तो म्हणाला. “म्हणजे चांगली हाय.”

या पाड्यावर माझं स्वागत नेहमी जोरात होतं, मला त्याची सवय आहे. त्या दिवशी मी हात उंचावून उतरलो आणि कुणी माझ्याकडे बघितलंच नाही. सगळा पाडा दुसऱ्या दाराकडे. “बाई आल्या! बाई!” सोबत्याच्या दोन्ही मुली बहिणीच्या हाताखाली शिकलेल्या, एक आता स्वतः शिक्षिका. निम्म्या पाड्याने कधी ना कधी तिच्या हातचं शून्य खाल्लेलं. एक बाप्या, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या, तिला पाहून बिडी पाठीमागे लपवत होता.

आणि ही गाडी बाईंची आहे, बाई ही घेऊन बर्फात जाणार, हे कळल्यावर बायकांनी तिची पूजाच मांडली. तांदूळ, कुंकू, नारळ. झेंडूचा आणि आंब्याच्या पानांचा हार केला, चांगला मनगटाएवढा जाड. दोघींनी तो उचलून बॉनेटच्या पुढच्या जाळीवर लावला.

इथे माझ्यातला तज्ज्ञ जागा झाला.

“थांबा, थांबा!” मी दोन्ही हात पसरून पुढे झालो. “जाळीवर हार कधी बांधायचा नाही. मागे रेडिएटर असतो. त्याला श्वास घेऊ द्या.”

बायका मागे सरल्या. सोबत्याने अभिमानाने मान हलवली, बघा आमचे शेट. मी हार खाली उतरवला, बंपरवर आडवा पसरला आणि खिशातल्या तारेने सात-आठ ठिकाणी असा आवळून बांधला की वादळ आलं तरी हलू नये. काम बघून मी स्वतःवर खूश झालो. रात्री चुलीवरची नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण खाऊन शांत झोपलो.

सकाळी सोंडेवर निघालो. सोबती आणि पाड्यातले तिघे-चौघे मागे बसले, बाईंची गाडी वर चढताना बघायला. पहिल्या वळणावरच गाडी किंचाळायला लागली.

टूं टूं टूं टूं टूंऽऽऽ!

समोरच्या पडद्यावर गाडीचं चित्र आलं आणि तिच्या नाकापुढे लाल पट्टे. म्हणजे समोर काहीतरी आडवं आहे. समोर होती नुसती मोकळी वाट आणि एक बकरी, तीही लांब. मी थांबलो, उतरलो, वाकून बघितलं. काही नाही. पुन्हा निघालो, पुन्हा किंकाळी. पुढे थोडी सपाटी होती, तिथे वेग घेतला तर गप्प. दगड आले, वेग कमी झाला, की सुरू. माथ्यावर पोचेपर्यंत आमच्या कानांचे पडदे गेले.

“शेट,” सोबती मागून म्हणाला, “ही घाबरली. हिने डोंगूर बघितला नाय कधी.”

मला हसू आलं नाही. मी मनात जुळवाजुळव करत होतो. काल नदीत दहा मिनिटं उभी केली. पाणी आत शिरलं. सेन्सर गेला. आज सेन्सर गेला, उद्या याच पाण्याने मेंदू जाईल, आणि तो जाईल तेव्हा गाडी तलासरीत नसेल. मैलोगणती माणूस नसलेल्या खिंडीत ती उभी असेल, दोन बायका आत बसलेल्या असतील. असं चित्र एकदा डोळ्यांपुढे आलं की भाऊ वेगळा आणि मेकॅनिक वेगळा राहत नाही.

सोंडेच्या माथ्यावर मोबाइलला रेंज येते. मी बायकोला फोन लावला.

“‘नको’ ठरलं,” मी म्हणालो. “पाणी शिरलंय. नर्सबाईंना कळव.”

“नीट बघितलंत ना?” बायको म्हणाली. “की डोळे मिटून?”

“नीट बघितलं!”

“वन्सं काय म्हणतायत?”

मी बहिणीकडे बघितलं. ती एका खडकावर बसली होती. पुस्तक मिटून बाजूला ठेवलेलं. ओरडली असती तर बरं झालं असतं, माझ्याजवळ ओरडण्याला उत्तरं तयार होती. ती नुसती समोरच्या दरीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर मला तिचं लहानपण दिसलं. सहलीच्या यादीत नाव नाही म्हटल्यावर ती अशीच उंबऱ्यावर बसायची, न रडता.

“काही म्हणत नाहीत,” असं सांगून मी फोन ठेवला.

दरीवरची नजर न काढता बहीण म्हणाली, “कारण सांग.”

“पाणी शिरलंय.”

“कुठे?”

“आत.”

“आत म्हणजे कुठे?”

“आत म्हणजे... आतमध्ये.”

“दादा, दहावीच्या पोराने असं उत्तर लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं.”

मागे उभ्या असलेल्या मिशीवाल्याने ठामपणे मान हलवली. त्याचा अनुभव होता.

बहीण उठली. साडीचा पदर खोचला, माझ्या हातातून किल्ली घेतली आणि म्हणाली, “काल नदी झाल्यावर पाड्यापर्यंत चढ होता. दगड असेच, वेग हाच. तेव्हा ती ओरडली का?”

“नाही.”

“म्हणजे नदीनंतरही ती बरी होती. पाणीच शिरलं असतं तर तेव्हाच बोंबलली असती. मग पाड्यावर पोचल्यापासून आज सकाळपर्यंत काय बदललं? एकेक सांगा.”

तिने खरोखरच वर्ग भरवला. चिकू उतरवले, कुणीतरी म्हणालं. माणसं वाढली, दुसरा म्हणाला. बहिणीने सगळ्यांना बाजूला उभं केलं, एकटीने गाडी हळू पुढे घेतली. टूं टूं. माणसांचा दोष नाही. गाडी मागे घेतली, गप्प. पुन्हा पुढे, टूं टूं. “मागे जाताना ओरडत नाही,” ती मोठ्याने म्हणाली, “म्हणजे दोष पुढच्या नाकात. नाकापाशी काय बदललं?”

सोबती एकदम आभाळाकडे बघायला लागला. तिघे-चौघे आपापल्या पायांकडे. एवढी इमानदार शांतता मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

बहीण गाडीपुढे आली. खाली वाकली. बंपरमध्ये वीत-वीतभर अंतराने बसवलेल्या रुपयाएवढ्या गोल टिकल्या होत्या. हळू चालताना समोर काय आहे ते हुंगणाऱ्या. त्या प्रत्येक टिकलीवर मनगटाएवढा झेंडू होता, वरून माझी तार.

“हा हार इतका खाली कुणी बांधला?”

“रेडिएटरला श्वास...” मी सुरुवात केली.

“पक्कड दे.”

मी माझ्याच खिशातली पक्कड दिली. तिने तारा एकेक करून कापल्या, हार सोडवला, दोन्ही हातांत धरून माझ्यापुढे आली आणि सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात घातला. पाड्यातल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. सवयीने वाजवल्या असतील, पण जोरात वाजवल्या.

मग ती गाडीत बसली आणि दगडांवरून हळूहळू पुढे आली. आवाज नाही. मी हार घालून वाटेत उभा, ती येतेय, येतेय, आणि माझ्यापासून हातभर अंतरावर आल्यावर गाडी एकदम किंचाळली.

बहिणीने काच खाली केली. “आता बरोबर ओरडतेय,” ती म्हणाली. “समोर अडथळा आहे.”

सोबती हसून हसून खडकावर बसला. तीस वर्षांत त्याने मला गाड्या ढकलताना, चिखलात लोळताना, भाड्यावरून मार खातानाही पाहिलंय, पण असा मोडलेला पाहिला नव्हता.

आणि खरं सांगू? मला आतून उकळ्या फुटत होत्या. माझं चुकलं होतं, ठार चुकलं होतं, आणि ते शोधून काढणारी माझी बहीण होती. मी ज्या गाडीला कान देऊन, वास घेऊन, कौल लावून निदान केलं, तिला हिने चार प्रश्नांत बोलतं केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पंचवीस वर्षं हेच शिकवलं होतं तिने, परीक्षानळ्या नसलेल्या शाळेत, करवंट्या आणि सायकलच्या ट्यूबा वापरून.

पण अजून सोंडेची दुसरी बाजू उरली होती. ती उतरण मीसुद्धा जपून उतरतो. मी ड्रायव्हरच्या दाराकडे गेलो तर तिने आतून कडी लावली.

“तू इकडून बस. आणि खाली पोचेपर्यंत बोलायचं नाही.”

मी हारासकट शेजारी बसलो. तिने आधी खाली उतरून चारही चाकांची हवा कमी केली, मोजून, माप लावून. लहान गिअर टाकला. पाय ब्रेकवरून काढला आणि गाडीला तिच्या चालीने उतरू दिलं. मधे एक घसरडा पट्टा आहे, तिथे मागचं चाक सरकलं. माझा पाय माझ्या बाजूला नसलेला ब्रेक दाबत होता. तिने स्टिअरिंग जरासं त्याच दिशेला दिलं, घाई केली नाही, गाडी सरळ झाली. हिला गाडी मी शिकवली, चिखल्याच्या किनाऱ्यावर, ओल्या वाळूत. तेव्हा मी इतका आरडाओरडा करायचो की किनाऱ्यावरचे लोक भरती आली समजून जाळी उचलायचे. तेवढं सगळं ऐकून घेऊनही ही शिकली कशी?

खाली पोचल्यावर मला बोलायची परवानगी मिळाली. मी उरलेले प्रश्न तोंडी विचारले. डिझेलच्या झाकणाशेजारी निळं झाकण आहे, त्यातलं धूर साफ करणारं युरियाचं पाणी संपलं तर?

“तर डिझेल भरलेलं असूनही ती पुन्हा चालू होणार नाही. म्हणून दोन कॅन सोबत घेतेय. तिकडे मिळेल याचा भरवसा नाही.”

किल्लीतला सेल मेला तर? तिने किल्लीच्या पोटातून बारकी लोखंडी किल्ली काढून दाखवली आणि सेल मेला तरी किल्ली कुठे टेकवली की गाडी चालू होते ती जागाही. दिवसचे दिवस हळू चालवून धूर गाळणारी जाळी तुंबली तर? “पिवळा दिवा लागेल. तो लाल व्हायच्या आत अर्धा तास एका चालीत पळवायची, म्हणजे आतली काजळी जळून जाते. पान मी दुमडून ठेवलंय.”

माझ्याजवळचे प्रश्न संपले. तिच्याजवळ उत्तरं उरली होती.

आता राहिला तो फोन. मी सकाळी डोंगरावरून दिलेला ‘नको’ एव्हाना डहाणूला पोचून जुना झाला होता. तेव्हा घरी न जाता आम्ही थेट नर्सबाईंच्या दारात गेलो. बाई ओसरीवर होत्या. दोन महिने आधीच भरून ठेवलेली बॅग त्यांनी रिकामी करायला घेतली होती, लोकरीचे मोजे मांडीवर होते.

मुलगा बाहेर आला. माझ्या सदऱ्यावर झेंडूचे पिवळे डाग पाहून त्याने काही विचारलं नाही, सभ्य आहे.

“काका, सकाळी तर नको म्हणालात. तुम्ही शब्द फिरवत नाही म्हणतात.”

मी सगळं सांगितलं. माझ्या पद्धतीने सांगितलं, म्हणजे गाडी झालो, बकरी झालो, सोबती झालो, शेवटी हार घातलेला मीही झालो. नर्सबाई मोज्यांत तोंड खुपसून हसत होत्या. मुलगाही हसला. पण हसून झाल्यावर त्याने विचारलं तो प्रश्न मात्र खरा होता.

“उद्या तिकडे काही झालं तर तुम्ही तिथे असणार आहात का?”

“नाही,” मी म्हणालो. “आणि तेच बरं आहे. आज मी एकटा असतो तर चांगली गाडी डोंगरावरून परत आणली असती आणि दोन बायकांना घरी बसवलं असतं. गाडीला मी पास करतो. पण तिच्यात बसलेली माझी बहीण काय चीज आहे, हे मला आज सकाळी कळलं. तुझ्या आईला तिच्याबरोबर पाठव. माझ्याबरोबर पाठवू नकोस.”

मुलाने आईकडे बघितलं. आईने मोजे बॅगेत परत टाकले.

तिथेच, त्यांच्या अंगणात, मी खिशातून खडू काढला. खाली हारातले दोन झेंडू पडले. मागच्या काचेवर मोठ्ठं एकच अक्षर काढलं. बहीण मागे उभी राहून वाट बघत होती.

“पुढचं लिही ना,” ती म्हणाली. “जा, पण काय?”

“झालं लिहून.”

तिने काच वाचली, पुन्हा वाचली. माझ्या खांद्यावर चिकटलेलं आंब्याचं पान तेवढं काढून टाकलं.

जूनमध्ये दोघी गेल्या. चारोटीहून हायवेला लागून, तलासरी ओलांडून, गुजरातमधून वर. पहिले काही दिवस मी फोनजवळच होतो. गिऱ्हाइकाशी बोलताना फोन वाजला की पाना हातातून पडायचा. फोन बायकोचे यायचे, “आला का फोन?” विचारायला.

मग एका दुपारी बहिणीचा आला. आवाज तुटत होता, मागे वारा.

“दादा, काही विचारायला फोन केलेला नाही. नुसतं सांगायला केलाय.”

“सांग.”

“पिवळा दिवा लागला होता. सहा दिवस हळू चालवत होतो ना. सपाटीवर आणली, अर्धा तास एका चालीत पळवली, गेला. तिथे एक इथला ड्रायव्हर उभा होता, त्याच्या गाडीलाही तोच दिवा. घाबरून दोन दिवस एका जागी बसलेला. त्यालाही तेच करायला लावलं. गेला त्याचाही. आता तो गावात सगळ्यांना सांगत सुटलाय, आणि आमच्या मुक्कामाच्या दारात सकाळपासून तीन गाड्या येऊन उभ्या आहेत.”

“तीन?”

“चौथी येतेय. ठेवते. आणि दादा, समुद्र होता इथे. हाताला लागला.”

फोन तुटला. मी तो कानाला तसाच धरून नाक्यावर आलो. वडेवाल्याला सांगितलं, पंक्चरवाल्याला सांगितलं, रिक्षा स्टँडला सांगितलं, सिग्नल नसताना थांबवून एका ट्रकवाल्याला सांगितलं. त्याला मराठी येत नव्हतं, मी हिंदीत सांगितलं, मग गुजरातीत सांगितलं.

परत आलो तर गॅरेजात एक कुटुंब गाडी घेऊन उभं. राजस्थानला निघालेलं, कुणीतरी पाठवलेलं.

“इथे गाड्या तपासणारे ते प्रसिद्ध काका तुम्हीच ना?” गृहस्थांनी विचारलं.

“मी दोन नंबरचा,” मी म्हणालो. “एक नंबरच्या बाई गावाला गेल्यात. घाई नसेल तर दहा दिवसांनी या.”